एव्हर्ली बंधूंचा दुसरा सूर

घरात पेटी असेल तर समोर घ्या. पांढरी एकचा सा धरा आणि काळ्या पट्ट्या तूर्त विसरा. अंगठा सा वर, मधलं बोट ग वर, मधला रे मोकळा. दोन्ही पट्ट्या एकदम वाजवा. आता बोटांमधलं अंतर तसंच ठेवून हात एकेक पट्टी उजवीकडे न्या: रे-म, ग-प, म-ध, प-नी. खालचं बोट सरळ सप्तक वाजवतंय आणि वरचं बोट एक पट्टी सोडून त्याच्या वरून चाललंय. एवढ्यानेच तुम्ही क्लोज हार्मनीच्या, म्हणजे दोन आवाजांनी एकमेकांना लागून असलेले वेगळे सूर एकाच वेळी गाण्याच्या पद्धतीच्या, उंबऱ्यावर येऊन पोचलात. त्या घरात राहणाऱ्यांपैकी मला सगळ्यात जवळची वाटणारी माणसं म्हणजे डॉन आणि फिल एव्हर्ली हे दोन सख्खे भाऊ.

१९५७ ते १९६२ या पाच-सहा वर्षांत अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये हे दोघं घराघरांत पोचले होते. रॉक अँड रोल तेव्हा नुकताच रांगायला लागला होता आणि कंट्री संगीत जुनं, खेड्यापाड्यातलं मानलं जायचं. या दोघांचा एक पाय इकडे होता, एक तिकडे. बीटल्स, सायमन आणि गारफंकल, हॉलीज हे सगळे त्यांच्या तबकड्या ऐकत मोठे झाले. तरीही त्यांच्याबद्दल वाचायला गेलं की ‘गोड गळ्याचे दोन भाऊ’ यापलीकडे फारसं हाती लागत नाही. तो गोडवा बनतो कसा, हे कुणीतरी उलगडून सांगायला हवं असं मला बऱ्याच दिवसांपासून वाटतंय. कारण त्यांचं गाणं ज्या गोष्टीवर उभं होतं, त्याच गोष्टीवर त्यांची कारकीर्द उभी राहिली आणि तिथेच ती तडकली.

आपल्या कानाची एक सवय आधी लक्षात घेऊ. आपल्याकडे दोन माणसं एकत्र गातात तेव्हा बहुधा एकच चाल गातात. कीर्तनात बुवांनी ओळ म्हटली की टाळकरी तीच ओळ त्याच सुरांत उचलतात, फार तर एखादा वरच्या सप्तकात जातो. त्यामुळे दोन वेगळे सूर एकाच शब्दावर, एकाच क्षणी ऐकू आले की आपला कान त्यातला एक सूर मुख्य ठरवतो आणि दुसऱ्याला ‘साथ’ म्हणून मागे बसवतो. गोव्यातला मांडो ज्यांनी लहानपणापासून ऐकलाय त्यांचं तसं होत नसेल. तिथे एक स्वर सोडून वरून चालणारा दुसरा आवाज कानावर पडतच असतो. बाकी आपल्याला मात्र एव्हर्ली बंधू ऐकताना ही सवय बाजूला ठेवावी लागते. डॉन सहसा खालचा सूर गायचा आणि फिल वरचा. फिलचा सूर ही साथ नव्हती, हे ज्याला ऐकू आलं त्याला एव्हर्ली बंधू कळले.

पुन्हा पेटीकडे येऊ. आता काळ्या पट्ट्याही मोजा. सा पासून ग पर्यंत चार पावलं पडतात, रे पासून म पर्यंत तीनच. ग-प तीन, म-ध चार, प-नी चार. म्हणजे दिसायला अंतर तेच, ‘एक पट्टी सोडून’, पण प्रत्यक्षात ते कधी मोठं तर कधी लहान होतं. मोठं अंतर उजळ वाटतं, लहान अंतरात किंचित ओल असते. चाल पुढे सरकते तशी ही ऊन-सावली आपोआप पडत राहते. दोन भावांच्या गाण्यात आनंदाच्या ओळीतही जी हलकी हुरहुर लागते, तिचा मोठा भाग या मोजणीतून येतो.

पण नुसतं एक पट्टी सोडून चालत राहिलं तर लवकरच ठेच लागते. मागे गिटारवर सा-ग-प हे तीन सूर एकत्र वाजतायत आणि चाल प वर येऊन थांबली, असं समजा. नियमाने वरचा आवाज नी वर जायला हवा. नी त्या तिघांत बसत नाही, तो शेजारच्या सा ला घासतो. मग वरचा गायक नी सोडून थेट तार सा वर जातो. दोघांमधलं अंतर क्षणभर वाढतं, मग पुन्हा जवळ येतं. कुठे जवळ राहायचं, कुठे लांब सरकायचं, कुठे एकाने हलायचं आणि दुसऱ्याने जागचं हलायचं नाही, हे सगळे निर्णय वरच्या गायकाने घ्यायचे. फिल हे इतकं सहज करायचा की त्याचा एकट्याचा भाग वेगळा काढून गुणगुणला तरी तो तुटक वाटत नाही. त्याला स्वतःची सुरुवात असते, चढ-उतार असतो, घरी परतणं असतं. एका गाण्यात दोन पूर्ण चाली होत्या, एवढंच ते आहे, आणि एवढंच फार कठीण आहे.

तंबोऱ्यासमोर बसलेल्या माणसाला यातली पुढची गोष्ट लगेच पटेल. खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून न छेडलेला गंधार ऐकू येतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. सा ची कंपनं सेकंदाला ४०० असतील तर या गंधाराची बरोबर ५०० असतात, म्हणजे चारास पाच असा साधा हिशेब. पेटीवरचा ग मात्र सगळ्या पट्ट्यांतून गाता यावं या सोयीसाठी थोडा चढवलेला असतो. तो जवळपास ५०४ वर जातो. गिटारीच्या पडद्यांचीही तीच गत. गळ्याला पडदे नसतात, त्यामुळे दोन मुरलेले गायक एकमेकांकडे कान देऊन त्या ५०० पर्यंत सरकू शकतात. तसे सरकले की आवाजातली बारीक थरथर शमते आणि एक गंमत होते. ५०० आणि ४०० यांतला फरक १००, आणि १०० म्हणजे त्याच सा चा दोन सप्तकं खालचा सा. दोघांच्या खाली, कुणीही न गायलेला एक खर्ज कानाला अंधुक जाणवतो. दोघांचं गाणं दोघांपेक्षा भरीव वाटतं त्याचं हे एक कारण.

दुसरं कारण रक्ताचं. अमेरिकेच्या दक्षिणेत याला ‘ब्लड हार्मनी’ असा शब्दच आहे. सख्ख्या भावांच्या टाळूची, जबड्याची, घशाच्या पोकळीची ठेवण मिळतीजुळती असते, त्यामुळे आवाजाचा पोतही जवळचा असतो. पण मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती बोलीची. एकाच स्वयंपाकघरात, एकाच आईच्या तोंडून दोघं बोलायला शिकले. ‘आ’ किती उघडायचा, ‘ऊ’ ला ओठ किती मिटायचे, शब्दाच्या शेवटचं व्यंजन कधी सोडायचं, हे दोघांचं सारखंच. सूर वेगळे पण स्वरांचे आकार तंतोतंत एक असले की कानाला दोन तोंडं ऐकूच येत नाहीत. जुन्या छायाचित्रांत दोघं एकाच माइकसमोर डोकी जवळ आणून गाताना दिसतात. डॉन शब्द जरा ताणणार असेल तर ते फिलला त्या क्षणीच कळत असे. दोन अनोळखी गायकांना हे जमायला वर्षं जातात, आणि तरी पुरतं जमत नाही.

ही परंपरा त्यांनी सुरू केली नाही. १९३० च्या दशकात रेडिओवर भावांच्या जोड्यांची रांगच होती: अलाबामाचे डेलमोर बंधू, केंटकीचे मन्रो बंधू, नॉर्थ कॅरोलायनाचे बोलिक बंधू म्हणजे ‘ब्लू स्काय बॉइज’. त्यांच्यानंतर लूव्हिन बंधू आले. एक गिटार, एक मँडोलिन किंवा दुसरी गिटार, आणि दोन आवाज. चर्चमधल्या सामूहिक गायनातून ही वरच्या सुराची ओढ आलेली. या जोड्यांपैकी बऱ्याच जणांची फारकतही झाली, हे इथेच सांगून ठेवतो. मन्रो बंधू १९३८ मध्ये वेगळे झाले, लूव्हिन बंधू १९६३ मध्ये.

डॉनचा जन्म १९३७ चा, केंटकीतल्या म्युलेनबर्ग काउंटीतल्या ब्राउनी नावाच्या कोळसाखाणीच्या वस्तीतला. फिल १९३९ मध्ये शिकागोत जन्मला, कारण तोवर वडिलांनी खाण सोडून शहराची वाट धरली होती. वडील आइक एव्हर्ली हे नाव गिटार वाजवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं असं आहे. म्युलेनबर्गच्या आसपास एक खास वादनपद्धत जन्मली: अंगठ्याने खालच्या तारांवर ठेका चालू ठेवायचा आणि त्याच हाताच्या तर्जनीने वरच्या तारांवर चाल काढायची. एकच माणूस दोघांसारखा वाजतो. या पद्धतीच्या मुळाशी आर्नल्ड शुल्त्झ नावाचा कृष्णवर्णीय वादक होता. त्याच्याकडून ती खाणकामगारांत पसरली आणि मोझ रेगर, आइक एव्हर्ली यांच्यापर्यंत आली. त्या दोघांकडून ती मर्ल ट्रॅव्हिसने उचलली, आणि ट्रॅव्हिसला रेडिओवर ऐकून चेट अॅटकिन्स घडला. पुढे नॅशव्हिलमध्ये, कंट्री संगीताच्या माहेरघरात, या मुलांना हात देणारा चेट अॅटकिन्सच होता. आइकने खाणीच्या वस्तीत जे पेरलं ते असं वळसा घालून त्याच्याच मुलांच्या पदरात पडलं.

१९४० च्या दशकाच्या मध्यात हे कुटुंब आयोवातल्या शेनंडोआ नावाच्या छोट्या गावी गेलं. गाव लहान, पण तिथे बियाणं विकणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या होत्या आणि दोघींची स्वतःची रेडिओ केंद्रं होती. शेतकऱ्याने बियाणं घ्यावं म्हणून त्याला गाणी ऐकवायची, असा सरळ व्यवहार. आइक आणि त्याची बायको मार्गारेट तिथे गायला लागली, मग मुलंही. ‘लिटल डॉनी’ आणि ‘बेबी बॉय फिल’ अशी त्यांची ओळख करून दिली जायची. पहाटे उठायचं, रेडिओवर गायचं आणि मग शाळेत जायचं. वयाच्या सहाव्या-आठव्या वर्षापासून रोज एकमेकांच्या सुरात सूर मिळवणं हे त्यांच्यासाठी दात घासण्याइतकं नेहमीचं होतं. मी वर ज्या निर्णयांबद्दल लिहिलं ते फिल विचार करून घेत नसावा, ते त्याच्या अंगात मुरले होते.

तबकड्यांनी आणि टीव्हीने रेडिओवरच्या जिवंत गाण्याची गरज संपवली. १९५३ मध्ये कुटुंब टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला आलं, तिथेही फार दिवस निभावलं नाही. आई-वडील दुसऱ्या कामांना लागले आणि मुलांनी नॅशव्हिल गाठलं. डॉनने लिहिलेलं एक गाणं १९५४ मध्ये किटी वेल्ससारख्या मोठ्या गायिकेने गायलं होतं, तेवढी शिदोरी होती. कोलंबिया कंपनीने १९५६ मध्ये त्यांची एक तबकडी काढली. ती चालली नाही आणि कंपनीने त्यांना सोडलं.

मग दोन गोष्टी जुळून आल्या. न्यूयॉर्कच्या ‘केडन्स’ या लहान कंपनीचा मालक आर्ची ब्लेयर याला कंट्री गाणारी नवी जोडी हवी होती. आणि नॅशव्हिलमध्ये बुडलो आणि फेलिस ब्रायंट हे नवरा-बायको होते. बुडलो शिकलेला व्हायोलिनवादक, अटलांटाच्या वाद्यवृंदात वाजवलेला. फेलिस मिलवॉकीच्या एका हॉटेलात लिफ्ट चालवायची, तिथे दोघांची गाठ पडली. स्वतः न गाता फक्त गाणी लिहून पोट भरणारे नॅशव्हिलमधले ते पहिले व्यावसायिक गीतकार मानले जातात. त्यांचं ‘बाय बाय लव्ह’ तीसेक जणांनी नाकारलं होतं असं सांगतात. एव्हर्ली बंधूंनी ते १९५७ च्या मार्चमध्ये गायलं.

नकार देणारे अडाणी नव्हते. ते गाणं एका गळ्यासाठी होतंच कुठे? शब्द साधे, विरहाचे, आणि चाल मात्र उड्या मारत जाणारी. एका आवाजात ते पोकळ वाटतं. दोन आवाज आले की खालची चाल हसते आणि वरची कळवळते, दोन्ही एकाच शब्दावर. त्यात डॉनने सुरुवातीला गिटारचा एक घणाघाती तुकडा जोडला. गिटारच्या तारा नेहमीपेक्षा वेगळ्या लावायच्या, म्हणजे पडदे न दाबताही मेळ वाजतो, आणि हात जोरात मारायचा. ही धडक त्याने बो डिडली या कृष्णवर्णीय रॉक वादकाला ऐकून घेतली होती. डोंगराळ भागातलं भावांचं गाणं आणि शहरातला काळा ठेका एका तबकडीवर आले. कंट्रीच्या यादीत ते पहिलं आलं, लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसरं.

या याद्यांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. अमेरिकेत तेव्हा गाण्यांची क्रमवारी वेगवेगळी लावायचे: सर्वसाधारण लोकप्रिय गाणी, ग्रामीण गोऱ्यांची कंट्री, आणि कृष्णवर्णीय श्रोत्यांची ऱ्हिदम अँड ब्लूज. दुकानं, रेडिओ केंद्रं, नाचाचे हॉल, सगळं त्याच भिंतींनी विभागलेलं. १९५८ मधलं ‘ऑल आय हॅव टू डू इज ड्रीम’ तिन्ही याद्यांत पहिलं आलं. दक्षिणेत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा एकत्र करण्यावरून सैनिक आणावे लागत होते त्या काळात हे घडलं.

ते गाणं मंद आहे, जवळजवळ स्थिर. चेट अॅटकिन्सच्या गिटारचा थरथरता सूर सुरुवातीला येतो आणि मग दोघं एका दमात शिरतात. मला वाटतं क्लोज हार्मनी समजून घ्यायला याहून चांगलं गाणं नाही, कारण इथे लपायला जागाच नाही. ‘ड्रीम’ हा एकच शब्द ते लांबवतात, आणि मिटलेल्या ओठांवरच्या ‘म’ मध्येही दोघांचं अंतर ढळत नाही. आवाजात कंप जवळपास नाही. कंप असता तर दोन सूर एकमेकांत असे बसले नसते. सरळ, न हलणारा सूर ही त्यांच्या घराण्याची शिस्त म्हणा ना.

त्याआधीचं ‘वेक अप लिटल सूझी’ हे दुसऱ्या टोकाचं. उघड्यावरच्या सिनेमात मोटारीतच झोप लागलेली दोन मुलं पहाटे चारला जागी होतात आणि आता घरच्यांना काय सांगायचं या धास्तीत पडतात. गाण्यात याहून जास्त काही घडत नाही, तरी बॉस्टनमध्ये ते रेडिओवर लावायला बंदी आली. अमेरिकेत ते पहिल्या क्रमांकावर गेलं.

आणि याच भरात, १९५८ मध्ये, त्यांनी वडिलांकडून शिकलेल्या जुन्या गाण्यांची एक अख्खी तबकडी काढली. दोन आवाज, गिटार, एक बास, बस्स. खुनाची, तुरुंगाची, मरणाऱ्या आईची गाणी. एकवीस आणि एकोणीस वर्षांच्या, मुली ज्यांच्यामागे धावतायत अशा दोन मुलांनी हे करावं याचं मला आजही अप्रूप वाटतं. २०१३ मध्ये बिली जो आर्मस्ट्राँग आणि नोरा जोन्स यांनी ती अख्खी तबकडी पुन्हा गायली. नोरा ही पंडित रविशंकर यांची मुलगी, आणि त्या गाण्यांत तिने वरचा सूर किती जपून लावलाय ते ऐकण्यासारखं आहे.

१९६० मध्ये ते नव्यानेच उभ्या राहिलेल्या वॉर्नर ब्रदर्सच्या तबकडी कंपनीकडे गेले, दहा वर्षांच्या कराराने. करार दहा लाख डॉलरचा असल्याचं तेव्हा गाजलं. तिथलं पहिलंच गाणं ‘कॅथीज क्लाउन’. माझ्या मते हे त्यांचं सगळ्यात धाडसी काम. एकच ड्रम, पण ध्वनिमुद्रणात प्रतिध्वनी वापरून तो दोघांनी वाजवल्यासारखा केलाय, लष्करी संचलनासारखा. त्यावर ध्रुवपद येतं तेव्हा पेटीवरचा आपला नियम ते मोडतात. फिल वरच्या सुरावर घट्ट उभा राहतो आणि डॉनची चाल त्याच्या खालून पायऱ्या उतरत जाते. दोघांमधलं अंतर दर पायरीला वाढत जातं. शब्द अपमानित प्रियकराचे आहेत, आणि जे तुटतंय ते सुरांतच ऐकू येतं. अमेरिकेत पाच आठवडे आणि इंग्लंडमध्ये सात आठवडे ते पहिल्या स्थानावर होतं.

लिव्हरपूलमध्ये दोन मुलं ते कान देऊन ऐकत होती. बीटल्सचं ‘प्लीज प्लीज मी’ लावा: वर पॉल मॅकार्टनी एका सुरावर थांबलाय आणि खाली जॉन लेनन उतरतोय. युक्ती तीच. सुरुवातीच्या दिवसांत आम्ही गाणी लिहायला बसलो की मी फिल असायचो आणि जॉन डॉन, असं पॉलने पुढे सांगितलं. तिकडे न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये पॉल सायमन आणि आर्ट गारफंकल यांची शाळकरी वयातली पहिली तबकडी तर सरळ एव्हर्ली बंधूंच्या वळणावर गेलेली होती.

मग उतरण लागली, आणि तिची सुरुवात संगीतातून झाली नाही. त्यांचा व्यवस्थापक वेस्ली रोझ हा ‘एकफ-रोझ’ या गीत-प्रकाशन संस्थेचाही मालक. प्रकाशकाचं उत्पन्न असं असतं: त्याच्या खात्यातलं गाणं कुणी गायलं की प्रत्येक तबकडीमागे त्याला वाटा मिळतो. १९६१ मध्ये बंधूंनी ‘टेम्प्टेशन’ हे १९३० च्या दशकातलं गाणं निवडलं, जे रोझच्या खात्यात नव्हतं. रोझने विरोध केला, बंधूंनी त्याला सोडलं. पण ब्रायंट दांपत्य रोझच्या संस्थेशी बांधलेलं होतं, त्यामुळे त्यांची नवी गाणी बंद. डॉन आणि फिलने स्वतः लिहिलेली गाणीही त्याच संस्थेकडे जाणार होती. काही काळ त्यांनी स्वतःची गाणी टाळली, एक-दोनदा टोपणनाव घेतलं. ज्यांच्या आवाजाचा मोजमाप घेऊन गाणी शिवली जात होती त्यांना आता तयार कपडे शोधत फिरावं लागलं.

१९६१ च्या नोव्हेंबरमध्ये दोघं मरीन दलाच्या राखीव तुकडीत सहा महिन्यांसाठी गेले. परत आले तेव्हा गती तुटली होती. उत्तेजक औषधांची सवय दोघांनाही लागली, डॉनला जास्त. १९६२ च्या इंग्लंड दौऱ्यात तो कोसळला आणि फिलने तो दौरा एकट्याने पुरा केला. त्या वर्षानंतर अमेरिकेत त्यांचं एकही गाणं पहिल्या दहांत आलं नाही. १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेत उतरले, या भावांनीच शिकवलेली हार्मनी घेऊन. इंग्लंडने मात्र एव्हर्ली बंधूंना धरून ठेवलं. १९६५ मध्येही तिथे त्यांचं एक गाणं दुसऱ्या क्रमांकावर गेलं. १९६८ ची ‘रूट्स’ ही तबकडी तेव्हा फारशी खपली नाही, पण रॉक आणि कंट्री एकत्र आणू पाहणाऱ्या पुढच्या मंडळींसाठी ती वाट दाखवणारी ठरली.

या काळात दोघांच्या स्वभावातलं अंतर वाढत गेलं. एकाने हलायचं आणि दुसऱ्याने त्याच क्षणी त्याच्याबरोबर हलायचं, हे गाण्यात सुंदर असतं; पण ते सहा वर्षांच्या वयापासून, प्रत्येक रात्री, तीसहून अधिक वर्षांचे होईपर्यंत करायचं म्हणजे काय, याचा विचार करून बघा. एकाला सर्दी झाली तरी दुसऱ्याचं गाणं बंद. एकाला दुसरं काही करून पाहायचं असलं तरी दोघांचं करिअर पणाला. १४ जुलै १९७३ ला कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्ममध्ये डॉन दारू पिऊन रंगमंचावर आला. तो अडखळतोय हे पाहून फिलने गिटार आपटून फोडली आणि तो निघून गेला. डॉनने उरलेला कार्यक्रम एकट्याने केला आणि श्रोत्यांना सांगितलं की एव्हर्ली ब्रदर्स दहा वर्षांपूर्वीच मेले.

त्यानंतरच्या दहा वर्षांत, १९७५ मध्ये वडिलांच्या अंत्यविधीला भेटले तेवढं सोडलं तर, ते एकमेकांशी जवळपास बोलले नाहीत. दोघांनी एकेकट्याने तबकड्या काढल्या. गळे शाबूत होते, पण ऐकताना रिकामी जागा ऐकू येते. त्याच काळात, १९७५ मध्ये, लिंडा रॉनस्टॅटने फिलचं एक जुनं गाणं गाऊन कंट्रीच्या यादीत पहिला क्रमांक मिळवला. गाणी चालत होती, जोडी नव्हती.

१९८३ च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ते पुन्हा एकत्र उभे राहिले. त्याची चित्रफीत मिळाली तर बघा. पहिल्या ओळीत दोघं एकत्र शिरतात तेव्हा मध्ये दहा वर्षं गेली आहेत हे त्या सुरांवरून ओळखता येत नाही. पुढच्या वर्षीच्या त्यांच्या नव्या तबकडीसाठी पॉल मॅकार्टनीने गाणं लिहून दिलं. १९८६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने आपले पहिले मानकरी निवडले, त्यांत ते होते. कंट्रीच्या मानकऱ्यांत २००१ मध्ये आले. २००३ मध्ये सायमन आणि गारफंकलने आपल्या दौऱ्यात त्यांना पाहुणे म्हणून सोबत नेलं.

३ जानेवारी २०१४ ला फिल गेला, फुप्फुसांच्या जुन्या आजाराने. एकमेकांशी बोलत नव्हतो तेव्हाही मला त्याची रोज आठवण यायची, असं डॉनने नंतर सांगितलं.

त्यानंतर एक खटला झाला, आणि तो मला या सगळ्या विषयाच्या गाभ्याशी नेऊन सोडतो. ‘कॅथीज क्लाउन’वर सुरुवातीला दोघांचं नाव होतं. १९८० मध्ये फिलने एका कागदावर सही करून आपला हक्क डॉनला दिला. फिलच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसांनी त्या गाण्यावर पुन्हा हक्क सांगितला आणि डॉन २०१७ मध्ये न्यायालयात गेला. २०२१ मध्ये निकाल डॉनच्या बाजूने लागला, पुढे अपिलातही तो टिकला. पण निकाल कशावर ठरला ते बघा: फिलचं लेखकपण डॉनने १९८० मध्येच नाकारलं होतं, त्यामुळे दावा करायची मुदत केव्हाच टळली होती, या मुद्द्यावर. डॉनची चाल खाली उतरत असताना वर कुणीतरी हट्टाने एका सुरावर उभं राहिलं म्हणून ते गाणं ते गाणं झालं का, हा प्रश्न मुदतीच्या हिशेबात उत्तरापर्यंत पोचलाच नाही. मला विचाराल तर शब्द डॉनचे असतील, खालची चालही डॉनची. पण त्या गाण्याचा जो क्षण लिव्हरपूलच्या मुलांनी उचलला तो फिलचा होता.

डॉनचं निधन नॅशव्हिलमध्ये २१ ऑगस्ट २०२१ ला झालं. त्याच्या तीन वर्षं आधी, २०१८ मध्ये, पॉल सायमन आपल्या निरोपाच्या दौऱ्यावर नॅशव्हिलला आला होता. त्याने डॉनला रंगमंचावर बोलावलं आणि दोघांनी ‘बाय बाय लव्ह’ गायलं. डॉनचं ते शेवटचं जाहीर गाणं. एक्क्याऐंशी वर्षांच्या डॉनने खालची चाल धरली, आणि जो मुलगा शाळेत असताना या भावांची नक्कल करत गायला शिकला होता त्याने फिलचा सूर घेतला.